मला मे महिन्यातच जायचं होतं

आमच्या सेक्शनमध्ये उन्हाळ्याच्या रजा फेब्रुवारीतच ठरतात. जबलपूरला संरक्षण खात्याच्या एका कारखान्याचं हिशेबाचं ऑफिस आहे, आम्ही सहा जण आहोत, आणि एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांनी जायचं नाही असा नियम आहे. कोण कधी जाणार हे साहेब विचारतात, पण खरं म्हणजे ते मुलांच्या शाळा ठरवतात. कुणाच्या शाळेला मे लागताच सुट्टी, कुणाच्या शाळेला आठवडाभर उशिरा. मुलं सातवी-आठवीत गेली की नेपियर टाउनमधल्या कोचिंगच्या तारखा आडव्या येतात. मग घासाघीस चालते, तोंडं फुगतात, शेवटी कसंतरी जमतं. या सगळ्यात मी कधीच नसायचे. माझ्याकडे कुणी बघायचंही नाही, कारण आमच्या घरी शाळा नव्हती.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही नागपूरला डॉक्टरांकडे जात होतो. मग एक दिवस दोघांनाही कंटाळा आला आणि आम्ही जाणं थांबवलं. त्याबद्दल घरात पुन्हा फारसं बोलणं झालं नाही. हे रेल्वेत होते. त्यांच्याही ऑफिसात हाच प्रकार, म्हणून आम्ही दोघं बाकीचे घरी असताना फिरायचो. ऑगस्टमध्ये पचमढीला गेलो तेव्हा धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता आणि पावसामुळे निम्म्या वाटा बंद होत्या. भेडाघाटला गेलो तेव्हा नावा काठाला बांधून ठेवलेल्या. हे मात्र खूश असायचे. रिकाम्या हॉटेलच्या जेवणघरात शिरताना माझ्या कानाशी म्हणायचे, "पाहून राहिली ना? पूर्ण हॉटेल बुक केलं आहे मी तुझ्यासाठी."

मी दर वेळी हसायचे. खरंच तसं वाटायचं. वेटर आमच्या दोघांच्याच मागेपुढे करायचा, खिडकीजवळचं टेबल आमचं असायचं, आणि बोलायला आम्ही एकमेकांना पुरत होतो.

हे गेले त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. गेल्यावर आलेल्या पहिल्या फेब्रुवारीत मी सवयीने रजा टाकली आणि अमरकंटकची बस धरली. तिथे एका लॉजवर आम्ही दोनदा राहिलो होतो. कुंडमच्या पुढे जंगल लागलं तेव्हा बरं वाटत होतं. संध्याकाळी लॉजवर पोचले तर सगळ्या खोल्या बंद, एकटी माझीच उघडली. स्वयंपाक्याने मला ओळखलं.

"भाईसाहब नहीं आए इस बार?"

"नहीं," मी म्हटलं.

 बहुतेक त्याला कळलं असावं. त्याने वरण-भात, बटाट्याची भाजी, गरम पोळ्या केल्या आणि मी जेवेपर्यंत तो दारात उभा राहिला. दुसऱ्या कुणाला वाढायचं नव्हतं, म्हणून त्याचं सगळं लक्ष माझ्या ताटाकडे. त्या मोठ्या खोलीत मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू येत होता. मी पोळी टाकून उठले. चार दिवसांची रजा होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत आले आणि उरलेले दिवस आमच्या महाराजपूरच्या घरात पडदे लावून काढले.

त्यानंतर दोन वर्षं मी कुठेच गेले नाही. गेल्या साली मात्र रजेची चर्चा सुरू झाली आणि मला एकदम वाटलं, आपण गर्दीत जावं. जिथे पोरं किंचाळत असतील, जेवायला जागा मिळत नसेल, कुणाचा तरी धक्का लागेल, अशा ठिकाणी. मी हात वर केला आणि म्हटलं, "सर, मला मेच्या दुसऱ्या आठवड्यात पचमढीला जायचं आहे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मैडम, आप तो कभी भी जा सकती हैं."

"नहीं सर. मई में ही जाना है."

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी, मुलगी म्हणजे पस्तीसेक वर्षांची बाई, माझ्याकडे वळली. तिची लेक सातवीत. तिचीही मागणी त्याच आठवड्याची होती आणि दुसरी जागा आधीच भरली होती. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता माझ्यासमोर येऊन बसली.

"दीदी, आपको मई में क्या काम है?"

"काम नाही. फिरायला जाते आहे."

"तो जून में चले जाओ ना. मेरी वाली का कोचिंग पंद्रह के बाद लग जाएगा. हमारे पास वही एक हफ्ता है. आपके तो..." ती थांबली.

"माझे तर काय?"

"कुछ नहीं," असं म्हणून ती उठली.

मला तिला सांगता आलं असतं की गर्दी बघायला जाते आहे. पण हे सांगण्यासारखं कारण नव्हतं. रजा म्हटली की कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, मुलांची सुट्टी असं काहीतरी लागतं. मी मागणी मागे घेतली नाही. तिने शेवटी पहिल्या आठवड्यात कसंतरी बसवलं. लेकीची शाळा दोन दिवस बुडवावी लागली. त्यानंतर तिने डब्यातली लोणच्याची फोड माझ्या ताटात टाकणं बंद केलं. रोज टाकायची.

हॉटेलला फोन केला तर तिकडच्या माणसाने विचारलं, "मैडम, कितने बड़े, कितने बच्चे?"

"एक."

"एक बच्चा?"

"एक बड़ा. बस."

 तो म्हणाला की सीझन आहे, फक्त फॅमिली रूम उरली आहे. मी घेतली. पिपरियाला गाडीतून उतरून जीपने घाट चढून हॉटेलवर पोचले तेव्हा दुपार झाली होती. खोलीत एक मोठा पलंग आणि भिंतीशी लहान मुलांसाठी दोन छोट्या खाटा होत्या, त्यांवर फुग्यांच्या चित्रांच्या चादरी. एका खाटेवर मी बॅग ठेवली, दुसरीवर पर्स.

गर्दी मात्र मला हवी तशी होती. जिन्यावरून पोरं धावत होती, कुणाची तरी आई वरून ओरडत होती, बाथरूमचं पाणी गेलं म्हणून तीन बाप काउंटरवर भांडत होते. रात्री जेवणघरात तर पाय ठेवायला जागा नव्हती. मला चार खुर्च्यांचं एक टेबल मिळालं. मी डाळ मागवली आणि खूप दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं. तेवढ्यात एक गृहस्थ आले. "ये कुर्सी ले लें?" मी म्हटलं, घ्या. मग एक शाळकरी मुलगी आली आणि काही न विचारता दुसरी ओढत घेऊन गेली. डाळ येईपर्यंत वेटरने तिसरीही उचलली, पलीकडच्या टेबलावर आजी आल्या होत्या म्हणून. मी एका टेबलाशी एका खुर्चीवर बसून जेवले. चारी बाजूंनी लोक होते. अमरकंटकपेक्षा हे बरं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या अड्ड्यावर गेले. एकटीला पूर्ण जीप परवडायची नाही, आणि कुणाच्या गाडीत एक जागा रिकामी असेल तर ड्रायव्हर बसवून घेतात असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं होतं. एका ड्रायव्हरने मला पुढच्या सीटवर बसवलं. मागे एक कुटुंब होतं. चाळिशीचा माणूस, त्याची बायको, दोन मुली, आणि त्याची आई. रात्री माझ्या टेबलाची खुर्ची गेली होती ती याच आजींसाठी. ती माणसं नरसिंहपूरची. आपसात हिंदी बोलत होती. गाडी वळणावर आली तशी मागून आवाज आला, "काहून ढकलून राहिली वो मले? सरक ना जराशी."

मी मागे वळून पाहिलं. आजी धाकट्या नातीला बोलत होत्या.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"तं काय!" त्यांचा चेहरा उजळला. "माहेर सौंसरचं माझं, नागपूरच्या बाजूचं. तुम्ही कुठल्या?"

मी सांगितलं, सासरचे मूळ अमरावतीकडचे, पण तीन पिढ्या जबलपूरला. त्यांचा मुलगा म्हणाला, "हम लोग समझ लेते हैं आंटी, बोलना नहीं आता." त्याची बायको शाळेत शिकवत होती. म्हणजे त्या घरात मुलींची सुट्टी आणि आईची सुट्टी दोन्ही एकत्र यायच्या, आणि त्या तेवढ्या दिवसांत वर्षाचं सगळं फिरणं उरकायचं असायचं. तिच्या मोबाइलमध्ये कुठल्या ठिकाणी किती वेळ थांबायचं हे सगळं ठरलेलं होतं.

तिनेच विचारलं, "आपके बच्चे नहीं आए?"

हा प्रश्न आदल्या दिवसापासून तिसऱ्यांदा आला होता. येताना रेल्वेत एका बाईला मी सरळ सांगितलं होतं की मुलं नाहीत, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि पिपरिया येईपर्यंत काढला नाही. म्हणून या वेळी मी म्हटलं, "नहीं आए." ते खोटं नव्हतं.

धबधब्यापाशी पोचलो. तिथे खाली उतरायला खूप पायऱ्या आहेत. ऑगस्टमध्ये आम्ही आलो होतो तेव्हा पावसामुळे वाट बंद होती आणि आम्ही फक्त वरून आवाज ऐकून परतलो होतो. हे म्हणाले होते, "राहू दे, पुढच्या वेळी पाहू." या खेपेला मला खाली जायचं होतं. चपला बदलून बूटही घातले होते.

आजींचे गुडघे दुखत होते, त्यांना उतरता येणार नव्हतं. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत उभे राहिले. कोण थांबणार हा प्रश्न होता. मग मुलाने माझ्याकडे पाहिलं.

"आंटी, आप नीचे जाएँगी क्या? नहीं मतलब, सीढ़ियाँ बहुत हैं."

"नाही," मी म्हटलं, "मी बसते यांच्याजवळ."

शब्द तोंडातून कसे गेले ते कळलंच नाही. ती सगळी आनंदाने खाली गेली. आजींचा मोबाइल सुनेच्या पर्समध्येच राहिला. आम्ही दोघी झाडाखालच्या बाकावर बसलो. आजी थोडा वेळ माझ्या बुटांकडे बघत होत्या.

"तुम्ही काहून बसल्या? तुम्हाले जायचं होतं ना?"

"असू द्या हो."

"कायले असू द्या? मी पाह्यलं ना, तुम्ही पायरीवर पाय ठेवला होता." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मले दरवर्षी नेतात. आई, चला, आई, चला. आणि नेऊन कुठंतरी बसवतात. मसुरीले गेलो तं वरती बसली होती. उज्जैनले गेलो तं बाहेर चपलांपाशी बसली होती. शिमल्याले तं मी हॉटेलातूनच शिमला पाह्यलं. माझी पोरगी म्हणते, आई, तू किती फिरली! हो बाई, मी लई फिरली."

त्या हे चिडून सांगत नव्हत्या. कुणी पावसाळ्याबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. मी विचारलं, मुलगा चांगला आहे ना? "चांगला आहे. सून बी चांगली. पण त्याहिचा वेळ मोजलेला आहे. शाळा सुरू असली की मी ड्युटीवर, पोरीले बसमधून उतरवून घ्यायचं, जेवायले द्यायचं. सुट्टी लागली की मी सामान."

मला हसू आलं आणि त्याही हसल्या. मग त्यांनी माझ्याबद्दल विचारलं. मी यांच्याबद्दल सांगितलं, मुलं नाहीत तेही सांगितलं. त्यांनी हातावर हात ठेवला नाही. फक्त म्हणाल्या, "मग घरी जेवता का नीट?" मी म्हटलं, कधी कधी. "तसंच होते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एक बाई डोक्यावर टोपली घेऊन गेली. टोपलीत पानांच्या द्रोणात काळीजांभळी बारीक फळं होती. आजी ताडकन सरळ झाल्या. "चारं! अवं, चारं आहेत ती! ज्याच्या बियांतून चारोळी निघते ना, ती." त्यांनी हाक मारली, पण बाई पुढे निघून गेली. रस्त्याच्या वळणावर सावलीत तिच्यासारख्या आणखी दोघी बसल्या होत्या. आजी म्हणाल्या, "लग्नाच्या आधी खाल्ली होती. चला."

"इथेच बसायला सांगितलंय त्यांनी."

"त्याहिले यायले टाइम आहे. चला वो, हात द्या."

मी हात दिला. सपाट रस्ता होता, त्या हळूहळू पण नेटाने चालत होत्या. वळणावर आम्ही दोन द्रोण घेतले आणि तिथेच दगडावर बसून खाल्ले. आंबटगोड गर, आणि मधे कडक बी. आजी बी थुंकायच्या आणि लांब कुठे पडते ते बघायच्या. मग विकणाऱ्या बाईने सांगितलं की झाड अगदी जवळ आहे. आजींना झाड बघायचं होतं. आम्ही झाडापर्यंत गेलो. तिथून दरीचा एक तुकडा दिसत होता आणि खालून पाण्याचा बारीक आवाज येत होता. आजी खोडाला हात लावून उभ्या राहिल्या.  मला घाई नव्हती आणि त्यांनाही नव्हती. किती वेळ गेला ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

परत वळणावर आलो तर आजींचा मुलगा समोरून धावत येत होता. शर्ट घामाने भिजलेला. त्याच्या मागे सून, तिच्या मागे रडणारी धाकटी. बाक रिकामा बघून त्यांनी आधी चहावाल्याला विचारलं, मग दरीच्या कठड्यापाशी जाऊन खाली बघितलं होतं.

"आंटी, आपके भरोसे छोड़ के गए थे!" तो ओरडला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. "कुछ हो जाता तो? आपको तो समझना चाहिए था!"

 तो ओरडत राहिला आणि मी मान खाली घालून उभी राहिले. गाल तापले होते. हे गेल्यापासून माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता, घरात चढवायला कुणी नव्हतंच, आणि मला रडायला यायला लागलं. ते लाजेमुळे होतं की आणखी कशामुळे, तेव्हाही सांगता आलं नसतं.

"तिले काय बोलून राहिला?" आजी म्हणाल्या. "मी चालत गेली. माझे पाय आहेत. हे घे." त्यांनी उरलेला द्रोण त्याच्यासमोर धरला. त्यांचे ओठ जांभळे झाले होते.

तिथून निघालो. जीपमध्ये थोरली नात चारं खाऊन बाहेर बिया थुंकत होती आणि तिच्या आईने एकदा "बस" म्हटलं. बाकीची ठिकाणं त्यांनी पटापट उरकली. मी पुढच्या सीटवर समोर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर गेले तर त्याच ड्रायव्हरने नजर चुकवली. "आज गाड़ी फुल है दीदी." मागची एक जागा मला रिकामी दिसत होती. मी पायी तलावावर गेले आणि पॅडलवाल्या नावांत बसलेली माणसं बघत राहिले. एकट्या माणसाला ते होडी देत नाहीत. होडी एका बाजूला कलते म्हणे. संध्याकाळी खोलीत आले आणि बॅग शेजारी सरकवून त्या फुग्यांच्या खाटेवर आडवी झाले. पाय बाहेर येत होते.

ती माणसं तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली. मी जिन्यात उभी होते. आजींनी सुनेकडून मोबाइल मागून घेतला आणि थोरल्या नातीला म्हणाल्या, "यांचा नंबर टाक." मुलगा गाडीत सामान लावत होता, त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. नातीने नंबर टाकला. "क्या नाम से सेव करूँ?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच लिहिलं, पचमढ़ी वाली आंटी.

त्या फोन करतील असं मला वाटलं नव्हतं. पण जुलैत शाळा उघडल्या आणि एका सकाळी ऑफिसात फोन वाजला.

"सगळे गेले," आजी म्हणाल्या. "तुम्ही काय करून राहिल्या?"

त्यानंतर फोन येतच राहिले, नेहमी मुली शाळेत गेल्यावर. मी जिन्यात जाऊन बोलायचे. आमच्या बोलण्याचा एकच विषय असायचा, कुठे जायचं. कधी रामटेक, कधी मैहर, कधी अमरकंटक. आजींना मुलांशिवाय जायचं होतं आणि मला कुणासोबत तरी. म्हणजे शाळा चालू असताना निघायला हवं. पण तेच जमत नव्हतं. ऑगस्टमध्ये ठरवलं तर धाकटीच्या परीक्षा आल्या आणि तिला दुपारी बसमधून उतरवून घ्यायला घरी कुणी नव्हतं. दिवाळीनंतर ठरवलं तर सुनेला शाळेत जादा काम लागलं. एकदा मुलगाच म्हणाला, "अम्मा अकेली कैसे जाएगी?" "एकटी कुठं, ती आहे ना पचमढीवाली," असं आजींनी सांगितल्यावर तो काय म्हणाला ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही पुढची तारीख काढली. मला त्या तारखा काढण्याचीच सवय लागली होती. आठवडाभर फोन आला नाही की मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उलटा करून ठेवायचे, म्हणजे सारखं बघायला नको.

मग थंडी पडली. आमच्याकडे जानेवारीत पारा खाली गेला की कलेक्टर शाळांना सुट्टी देतात, आणि ती आदल्या संध्याकाळी कळते. त्या सुट्टीचं नियोजन कुणीच करू शकत नाही. तशी ती लागली आणि रात्री आजींचा फोन आला. सून घरी, मुली घरी, आणि मुलाला दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या कामाला जबलपूरला यायचं होतं. "मी येऊन राहिली. दिवसभर तुमच्याकडं. संध्याकाळी तो घेऊन जाईल." मी म्हटलं, मग भेडाघाटला जाऊ.

मी लगेच साहेबांना फोन करून रजा मागितली. नंतर कळलं की शेजारच्या टेबलावरच्या बाईनेही ती मागितली होती, लेकीच्या शाळेला सुट्टी म्हणून, पण एक जण आधीच रजेवर होता आणि माझा फोन आधी लागला. तिने लेकीला ऑफिसात आणलं आणि ती पोरगी दिवसभर माझ्या खुर्चीवर बसून गणितं करत होती.

मी ओळखीच्या ऑटोवाल्याला बोलावून ठेवलं. भेडाघाटला जायचं, धुवांधारचा धबधबा बघायचा, नावेत बसायचं, वाटेत खायचं. सकाळी लवकर उठून तिळाच्या पोळ्या केल्या, थर्मास भरला. मुलाने आजींना फाटकाशी सोडलं, मला "नमस्ते आंटी" म्हटलं आणि गेला. आजी शाल, स्वेटर, कानटोपी, सगळं घालून आल्या होत्या. यांच्या फोटोसमोर थोडा वेळ थांबल्या. "चांगले दिसत होते," म्हणाल्या. मग दोन पोळ्या खाल्ल्या आणि चहा घेतला.

"चला, ऑटो येईलच," मी म्हटलं.

"कुठं?"

"भेडाघाट. ठरलं होतं ना आपलं."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर धुकं होतं. मग आतल्या खोलीतल्या पलंगाकडे पाहिलं.

"मी तिथं पडू का जराशी?" त्यांनी विचारलं. "घरी झोपायले भेटत नाही वो. कुणाची तरी बस येऊन राहिली असते, नाही तं जाऊन राहिली असते."

मी ऑटोवाल्याला फोन करून नको सांगितलं. त्यांना रजई दिली. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि थोड्याच वेळात घोरायला लागल्या.

मी स्वयंपाकघर आवरलं, पण भांड्यांचा आवाज होईल म्हणून अर्ध्यातच सोडलं. दुपारी ऊन आलं तरी बाहेर बसले नाही. त्या खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन स्वेटर विणत बसले. घरात दुसऱ्या माणसाचा श्वास चालू होता. मधे एकदा तो थांबल्यासारखा वाटला म्हणून मी उठून पाहिलं, तर त्यांनी फक्त कूस बदलली होती. जेवायला उठवावं असं दोनदा वाटलं, पण उठवलं नाही.

त्या उठल्या तेव्हा उन्हं उतरली होती. "काहून उठवलं नाही?" त्यांनी विचारलं, पण चेहरा ताजा होता. आम्ही वरण-भात खाल्ला, तिखट-मिठाबद्दल काहीतरी बोललो, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मुलगा आत आला. "कैसा रहा अम्मा? भेडाघाट देखा?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं.

"बहुत अच्छा था," त्या म्हणाल्या. "पाणी लई होतं."

मी म्हटलं, "हो. खूप पाणी होतं."

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला आणि थँक्यू आंटी म्हणाला. मी फाटकापर्यंत गेले. आजींनी काच खाली करून हात हलवला. "फोन करते," त्या म्हणाल्या. मुलाने काच वर केली, कारण थंडी आत येत होती. गाडी कॉलनीच्या रस्त्याने अधारतालच्या दिशेने वळली.

आत येऊन मी दिवे लावले. उरलेल्या पोळ्या डब्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात आलं की थंडीमुळे शाळांची सुट्टी आणखी वाढवली आहे, म्हणजे मुली घरीच आणि आजींचा फोन इतक्यात नाही. मी स्वेटर घातला आणि ऑफिसला निघाले.